कल्हईखालची जर्मनी

पुंडलिकनगर

जर्मनी बघून आले. आमच्या घरात विमानात बसलेली मी पहिली आणि कॉलेजात गेलेलीही मीच पहिली, म्हणून हे मी जरा मोठ्यानंच सांगणार. वडील आयुष्यभर कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा रंभाजी, पैठणच्या अंगाला मेंढरं राखायचे. त्या घरातली पोरगी मेकॅनिकल इंजिनियर झाली, बिडकीनच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात लागली, आणि कंपनीनं मोजमापाचं नवं मशीन घेतल्यावर ते शिकायला तिलाच श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी पाठवलं. आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. शेजारच्या काकूंनी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला, "तिकडं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं गं?"

आल्यापासून ज्याला त्याला मशीनबद्दल सांगायला जाते आणि सांगून येते ताटाबद्दल. त्यामुळं सरळ ताटाचंच लिहिते.

माझी आत्या, गयाबाई, बिडकीनला दिलेली. तिच्या घरात एक लांबट ताट आहे. दोन बाजूंना कान, काठावर द्राक्षांचे घोस, उचलायला जड. घरात त्याला 'विलायती ताट' म्हणतात. लग्नात पानसुपारी त्यातच मांडायची, असा त्या घराचा नियम. यंदा दिवाळीनंतर आत्याचं आणि तिच्या दिराचं घर वेगळं झालं. भांड्यांची वाटणी झाली, हंडे-घागरी झाल्या, परात झाली, आणि गाडी या ताटावर अडली.

आत्याचं म्हणणं, ताट तिचं. जायकवाडीच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा, म्हणजे सत्तरच्या आसपास, आजोबांची मेंढरं पैठणला साहेब लोकांच्या वसाहतीजवळ बसायची. आजोबा तिथं दूध द्यायचे, घोंगड्या द्यायचे. एका इंजिनियर साहेबांची बदली झाली, तेव्हा बाईसाहेबांनी सामान बांधता बांधता हे ताट आजोबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "रंभाजी, लेकीच्या लग्नात दे." ते आजोबांनी आत्याला दिलं. आता आत्याला ते तिच्या नातीच्या, पूजाच्या, रुखवतात मांडायचंय.

तिच्या दिराचं, म्हणजे आमच्या तात्यांचं, म्हणणं वेगळं. ताट त्यांच्या आजोबांचं, मारुतीबाबांचं. निजामाच्या साहेबानं खूश होऊन दिलेलं. पुरावा? ताटाच्या पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: मारुती सखाराम.

"रंभाजीबाबांनी दिल्या दोन घोंगड्या," तात्या म्हणाले. "त्या आम्ही पांघरल्या. असं ताट मेंढक्याच्या घरात कुठून येईल, वहिनी?"

हे वाक्य आत्यानं लग्नापासून ऐकलेलं. सासूनं ऐकवलं, नणदांनी ऐकवलं. माहेराहून काय आणलंस, दोन घोंगड्या. माझे वडील तेव्हा चड्डीतलं पोर. त्यांना ताट आठवतं, वऱ्हाडाच्या बैलगाडीत ते मांडीवर धरून बसल्याचंही आठवतं, पण ते पडले मुलीकडचे. त्यांचं कोण ऐकणार?

मी ताट उलटं केलं. मी दिवसभर कंपनीत लोखंडावर ठोकलेले शिक्के वाचते. कुठल्या भट्टीचा माल, कुठल्या पाळीचा, सगळं त्यावरून कळतं. मधोमध बोट फिरवलं तर खडबडीत लागलं. पण त्या घरी कधी काळी ताट पिवळट दिसायला लागलं म्हणून कल्हईवाल्याकडून पाठपोट कल्हई करून घेतलेली. पितळी पातेल्याला करतात तशी! शिक्का त्याच्याखाली गाडलेला. कडेला तेवढा '90' दिसत होता आणि त्याच्या खालच्या ओळीच्या शेवटी इंग्रजी N आणि Y.

"नव्वद टक्के चांदी हाय ती," तात्या म्हणाले.

"तात्या, हे जर्मनीचं दिसतंय. शेवटी एन-वाय आहे."

"जर्मनचं?" तात्यांचा मुलगा हसला. "मग भंगारवाल्याला द्या की."

आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यालाच 'जर्मनचं' म्हणतात, म्हणून सगळे हसले, मी पण हसले. मग म्हणाले, मी जातेच आहे तिकडं, घेऊन जाते, शिक्का वाचून आणते. तात्या एका पायावर तयार. "ने की! तिथला शिक्का काय म्हनतो ते मला मान्य. पोरी, निजामाच्या टायमाचं निघंल बघ."

आत्यानं ताट आपल्या जुन्या घोंगडीत गुंडाळून दिलं. दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अशे, नीट वाच."

ताट विमानात बसतं

माझ्यासोबत कंपनीतले इम्रानभाई होते. शहागंजचा माणूस, मशीनवर हात बसलेला आणि तोंडही कायम चालू.

"मॅडम, ये थाली कायकू लेको जारे तुम? उधर प्लेटां नै मिलते क्या?"

विमानाचं काही सांगत नाही, सगळं विमानासारखंच असतं. फ्रँकफुर्टला मात्र कस्टमच्या साहेबानं माझी बॅग उघडायला लावली. आधी घोंगडी निघाली, घोंगडीतून ताट निघालं, ताटाखालून शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी. त्यानं घोंगडीचा वास घेतला आणि मान मागं केली. मग ताट उलटं केलं, मधोमध अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं.

"युवर ग्रँडफादर?"

मी म्हणाले, "दॅट इज द क्वेश्चन, सर."

त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं ताट पुन्हा घोंगडीत गुंडाळून दिलं, आणि माझ्यापेक्षा नीट गुंडाळलं. इम्रानभाई मागून म्हणाले, "देखो, थाली का पासपोर्ट चेक हो गया."

जिना झाडायची पाळी

कंपनीनं आमची सोय दोन वेगळ्या घरांत केली होती. मी राहिले हिल्डेबाईंच्या घरात. वरच्या मजल्यावर त्या, मधल्या मजल्यावर मी, खाली एक आजोबा. हिल्डेबाई पंचाहत्तरीच्या, नवरा वारलेला, केस कापसासारखे. त्यांची इंग्रजी आणि माझी इंग्रजी सारखीच अडखळणारी, त्यामुळं आमचं छान जमलं.

दुसऱ्याच दिवशी माझ्या दाराला लाकडाची एक पाटी अडकवलेली दिसली. मला वाटलं स्वागत आहे. हिल्डेबाईंनी समजावलं की त्या भागात जिना झाडायची पाळी असते. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना त्याचा. पाहुणा असला तरी सुटका नाही. मला हे भारी आवडलं. आपल्याकडं सोसायटीचा जिना म्हणजे कुणाचाच नाही. आता मेंढपाळाच्या नातीनं काम केलं तर ते दिसलं पाहिजे, म्हणून मी आपल्या पद्धतीनं बादलीभर पाणी वरून सोडलं आणि खराट्यानं खसाखसा धुतलं. पाणी खालच्या आजोबांच्या दाराखालून आत गेलं. आजोबा मोजे भिजवून बाहेर आले. तिकडं जिना नुसता झाडायचा आणि पुसायचा असतो. बादलीभर पाणी कुणी ओतत नाही. नळाला चोवीस तास येत असूनही ओतत नाही, ही गंमत बघा.

खाण्याचं म्हणाल तर मी उपाशी राहिले नाही. काळा पाव पहिल्या दिवशी चावेना. पण कडक शिळी भाकरी लहानपणी खाल्लेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी तोच गोड लागतो. करंजीएवढे, सारण भरलेले चौकोनी पुडे सारात सोडून देतात, त्याला माउलटाशन म्हणतात. मी पालकाचे घेतले. इम्रानभाई प्रत्येक गोष्टीला "इसमे क्या है?" विचारून शेवटी तुर्की माणसाच्या दुकानातच जेवायचे आणि तिथून मला फोन करायचे, "मॅडम, इधर आओ, चाय भी है."

हिल्डेबाईंना मी ठेचा दिला, बोटाच्या टोकावर मावेल एवढा. त्यांनी तो पावाला जॅमसारखा फासला. मी नको नको म्हणेपर्यंत घास आत. नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा. पाणी प्यायल्या, डोळे पुसले, आणि पाव पुन्हा पुढं केला.

जुना बाजार

आमचं मशीन शिकणं सोमवार ते शुक्रवार. शनिवारी नदीकाठच्या मैदानात जुना बाजार भरतो असं हिल्डेबाईंनी सांगितलं आणि मी ताट काखेत मारून निघाले. आपल्याकडंही जुना बाजार असतोच. पण तिथं ओरडणं नाही, ओढाओढ नाही. माणसं कुजबुजत घासाघीस करतात, जशी काही देवळात उभी आहेत.

आणि भांडी! टेबलांवर टेबलं. चमचे, काटे, साखरेचे चिमटे, चहाच्या किटल्या, आणि सगळी पालथी घातलेली. आपण भांडं सुलटं बघतो, वाजवून बघतो, तळ बघतो तो गळतं का म्हणून. तिथं गिऱ्हाईक आधी पाठ बघतं. मला एकदम माझ्या खात्यात आल्यासारखं वाटलं.

एका टेबलामागं उंच, दाढीवाला माणूस होता, गळ्यात भिंग लटकवलेलं. मी त्याला सांगितलं, मला शिक्के वाचायचेत. तो खूश झाला. इम्रानभाई पुढं होऊन म्हणाले, "स्लो स्लो बोलो, सर. मॅडम सब लिखते."

त्यानं पहिला चमचा दिला. भिंगातून मुकुट दिसला, शेजारी चंद्रकोर आणि 800 आकडा.

"ही खरी चांदी," तो म्हणाला. "हजारात आठशे. चंद्रकोर आणि मुकुट म्हणजे आमच्या देशाचा शिक्का. १८८८ नंतरचा."

"चाँद तो अपना है," इम्रानभाई म्हणाले.

दुसरा चमचा दिला. तसाच चकचकीत, पण चंद्र नाही, मुकुट नाही, नुसता 90. मी टुणकन उडाले. "नाइन्टी! नव्वद टक्के चांदी?"

तो हसायला लागला. रोज कुणीतरी असंच विचारत असणार. 90 म्हणजे टक्के नव्हेत, तर ग्रॅम. बारा चमचे आणि बारा काटे, एवढ्या सगळ्यांवर मिळून नव्वद ग्रॅम चांदीचा मुलामा. आत दुसराच धातू: तांबं, निकेल, जस्त. एका चमच्याच्या वाट्याला येते ती चांदी जेमतेम चार ग्रॅम. मला तात्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आमचं विलायती ताट पिवळट का दिसायला लागलं तेही कळलं. वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून घासलं, वरची चांदी गेली, आतला धातू डोकावला, आणि घरच्यांना वाटलं कल्हई उडाली!

मी ताट उलगडलं. त्यानं पाठ बघितली आणि त्याचं तोंड कडू झालं.

"हे काय फासलंय?"

"कल्हई. टिन."

"चांदीच्या मुलाम्यावर टिन? कुणी केलं हे?"

"आमच्या लोकांनी," मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले, कारण आपल्या माणसांची चूक असली तरी ती परक्यानं नाक मुरडून बघितलेली मला चालत नाही. "आमच्याकडं भांडं वापरतात, सर. कपाटात ठेवत नाहीत."

तो मान हलवून हसला. भिंग लावून त्यानं तो N आणि Y पुन्हा पुन्हा बघितला. मग एका कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या. एक GERMANY. दुसरी W. GERMANY.

पहिली असेल, तो म्हणाला, तर ताट बहुतेक युद्धाआधीचं. परदेशी पाठवायच्या मालावर तेव्हा नुसतं जर्मनी लिहायचे. दुसरी असेल तर युद्धानंतरचं. देशाचे दोन तुकडे झाले, १९४९ ला पश्चिम जर्मनी झाली, मग हा डब्ल्यू लागला. पुन्हा देश एक झाला तसा डब्ल्यू गेला.

मी मनात हिशेब मांडला. निजामाचं राज्य गेलं १९४८ ला. मारुतीबाबा तर त्याच्याही आधी, रझाकारांच्या धामधुमीत गेलेले. तात्याच सांगतात. म्हणजे कल्हईखाली डब्ल्यू असला तर ताट मारुतीबाबांना मिळणं शक्यच नाही. आणि नसला, तर सगळे तात्यांचंच खरं धरणार आणि आत्या खोटी पडणार. जन्मभर दोन घोंगड्यांचा टोमणा ऐकलेली बाई नातीच्या लग्नात खोटी पडणार, आणि तिला खोटं पाडणारी मी, तिच्याच भावाची शिकलेली पोर.

एका अक्षराचा प्रश्न होता. 

शेगडी

रविवारी सकाळी मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं दुपार होती. आत्या ओट्यावर तूर निवडत बसलेली.

सगळं सांगितलं. डब्ल्यू असला तर काय, नसला तर काय. आणि म्हणाले, "आत्या, नको वाटत असलं तर असंच परत आणते. वाचता आलं नाही म्हणून सांगते. कल्हई पक्की आहे, कुणाला खोटं वाटणार नाही."

तिचा हात सुपात थांबला.

"मला ठावं हाय ताट कुनाचं ते," ती म्हणाली. "तुला ठावं नाय, म्हनून तू भितीस. काढ ती कल्हई."

"आणि नसला डब्ल्यू तर?"

"तर तुझा जर्मनीवाला खोटं बोलतो. काढ म्हनते ना!"

कल्हई काढायची रीत मला लहानपणापासून माहीत. कथील लवकर वितळतं. कल्हईवाला भांडं तापवतो आणि कापसाचा बोळा फिरवतो, तसंच उलट करायचं: तापवायचं आणि पुसून काढायचं. हिल्डेबाईंच्या घरात गॅस नव्हता, काचेची विजेची शेगडी होती. मी ताटाचा मधला भाग शेगडीवर धरला, एक कान चिमट्यात पकडला, आणि दुसऱ्या हातात घेतला माझा सुती मोजा.

आधी काही झालं नाही. मग कल्हईला घाम फुटल्यासारखं झालं. एकदम आरशासारखी चकाकली आणि सरकली. मी ताट उचलून मोजा फिरवला. पण पन्नास वर्षांचं तूप, तेल, हळद त्या कल्हईच्या पुटात मुरलेलं. भसकन धूर निघाला. मोजा करपला. आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं काही किंचाळलं की मी ताट नळाखाली टाकून स्टुलावर चढले आणि टॉवेल फिरवायला लागले. फोनमधून आत्या ओरडत होती, "अशे! कोन ओरडतंय? अशे!"

एक लक्षात घ्या, तिकडं रविवारी आवाज करायचा नसतो. कपडे धुवायचं मशीनसुद्धा लावत नाहीत. खालचे आजोबा जिन्यात आले, बहुतेक कोरडे मोजे घालून. हिल्डेबाई गाऊनवर धावत आल्या. त्यांनी काही न विचारता खिडक्या उघडल्या, झाडूच्या दांड्यानं छतावरचं यंत्र दाबलं आणि ते गप्प केलं. मग शांतपणे म्हणाल्या, "ठेचा?"

"नो, नो. दिस," मी ताट दाखवलं.

नळाखालून निघालेलं ताट गरम होतं. काळं-पांढरं झालं होतं. पण मधोमध, करपलेल्या डागात, एक पक्षी बसला होता. एका पायावर उभा, बगळ्यासारखा, नखाएवढा. त्याच्या खाली 90. त्याच्या खाली एक ओळ, आणि सुरुवातीला कथलाचा एक थेंब अजून चिकटलेला. मला नखानं काढवेना. हिल्डेबाईंनी चष्मा लावला, टॉवेलचं टोक घेतलं, आणि तो थेंब टिपला.

त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"वेस्ट जर्मनी." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी पण! मी पण वेस्ट जर्मनी!"

मी हिल्डेबाईंना मिठी मारली. गाऊनसकट उचललंच जवळपास. जिन्यातल्या आजोबांनाही मिठी मारणार होते, पण ते मागं सरकले. फोन आत्याच्या समोर धरला, पक्षी दाखवला, डब्ल्यू दाखवला. आत्याला अक्षर येत नाही. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला.

"त्यो बगळा हाय व्हय?" ती म्हणाली. "मला आठवतोय. कल्हईच्या आधी मीच घासायची त्याला."

हिल्डेबाई वर गेल्या आणि एक पेटी घेऊन आल्या. आत त्यांच्या आईचे चमचे, प्रत्येकाच्या दांड्यावर वेलबुट्टीची दोन अक्षरं. मी म्हणाले, आमच्याकडंही भांड्यावर नाव घालतात. कुणाचं, त्यांनी विचारलं. देणाऱ्याचं, नाहीतर घरच्या कर्त्याचं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या आईच्या चमच्यांवरची अक्षरं होती आईच्या माहेरच्या आडनावाची. मुलीला द्यायची चांदी आणि कापडं, त्यांच्यावर तिची लग्नाआधीची अक्षरं घालायची तिकडं रीत होती. कुठल्याही घरी जाऊ दे, ते तिचं.

हे मी फोनवर आत्याला मराठीत सांगितलं.  तिनं सूप बाजूला ठेवलं होतं.

बिडकीन

आल्यावर दुसऱ्याच सुट्टीला मी बिडकीनला गेले. तात्या, त्यांचा मुलगा, आत्या, पूजा, माझे वडील, सगळे बैठकीत. मी ताट मधोमध पालथं ठेवलं आणि सांगितलं: नव्वद म्हणजे काय, डब्ल्यू म्हणजे काय, निजाम कधी गेला, पश्चिम जर्मनी कधी झाली. प्रेझेंटेशन असतं तसं, न अडखळता.

तात्यांनी ताट हातात घेतलं, खिडकीजवळ नेलं.

"बरं. बगळा हाय. पन माझ्या आज्याचं नाव बी हाय की! ते कुठून आलं? आज्यानं मेल्यावर येऊन कोरलं?"

 तिथं जर्मनीत नाव डोळ्यांसमोर होतं, पण मी सगळा वेळ त्या डब्ल्यूच्या मागं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. 

आत्या उठली. आत गेली आणि ओट्याखालचा पिठाचा डबा घेऊन आली. स्टीलचा, झाकणाचा. तो तिनं तात्यांच्या पुढं ठेवला.

"वाचा, भावजी."

तात्यांनी वाचलं. डब्याच्या पोटावर ठिपक्यांची तीच अक्षरं. मारुती सखाराम.

"इस्टील कवा आलं आपल्या घरात?" आत्या म्हणाली. "तुमच्या आज्यानं इस्टील बघितलं व्हतं का?"

तात्यांचा मुलगा आत पळाला आणि भांडी आणायला लागला. परात, तांब्या, दोन वाट्या, पाण्याचं पिंप. सगळ्यांवर तेच नाव, एकाच हाताचं. पुढं त्यानं प्रेशर कुकर आणला, त्याच्यावरसुद्धा मारुती सखाराम!

आधी पूजाला हसू फुटलं, मग सगळ्या बैठकीला. तात्या हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता त्यांना आठवलं.

"आरं, बानं घातलं व्हतं हे! पैठनला नेऊन. घरातली सगळी भांडी एका गाडीत घालून नेली व्हती. आज्याच्या नावानं. 'कै. मारुती सखाराम यांच्या स्मरणार्थ' असं घालायचं ठरलं व्हतं. पन त्यो कोरणारा अक्षरावर पैसे घ्यायचा. बा म्हनला, नुसतं नाव घाल, कुनाच्या स्मरणार्थ ते आपल्याला ठावं हायच की."

आणि मग ते कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

तात्या कुकरकडं बघत राहिले. मग त्यांनी ताट उचललं आणि आत्याच्या हातात दिलं.  एवढंच म्हणाले, "वहिनी, चहा टाका. पोरगी लई लांबून आलीया."

संध्याकाळी आम्ही चौघं, आत्या, पूजा, तात्या आणि मी, बाजारात भांड्याच्या दुकानात गेलो. आता ठिपक्यांची छिन्नी गेली. पेनासारखं विजेचं यंत्र असतं, घर्रघर्र करत लिहितं. आत्यानं मजकूर सांगितला: रंभाजी मुकुंदा यांजकडून लेक गया हिस.

"आजी, मोठं व्हतंय," दुकानदार म्हणाला. "नुसतं रंभाजी घालू?"

तात्या पुढं झाले. "अक्षरं मोजू नको. सांगते तेवढं सगळं घाल."

"आन् मारुतीबाबांचं नाव खोडू नको," आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तिथं ते बी घरचेच."

दुकानदारानं ताट पालथं घेतलं, जागा शोधली. एका बाजूला मारुतीबाबा, दुसऱ्या बाजूला उरलेल्या कल्हईचं पूट, मधोमध तेवढी सपाट जागा. त्यानं यंत्र चालू केलं आणि टोक मधोमध नेलं.

"हितं घालतो. हे इंग्रजी काय ते पुसून जाईल, चालंल ना?"

मी तोंड उघडणार तोच आत्याचा हात पुढं गेला. तिनं ताटावर अंगठा ठेवला, बरोबर बगळ्यावर, डब्ल्यू झाकला जाईल असा. याच अंगठ्यानं ती रेशनच्या दुकानात सही करते.

"हे सोडून," ती म्हणाली. "कडंनं घाल."

यंत्र घरघरत अंगठ्याच्या भोवती फिरलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत तिनं तो उचलला नाही.